पंधरा नंबरचं दार

आम्ही त्यांना मालक म्हणायचो, आणि त्यांच्या मालकीचं मस्कतमध्ये काहीही नव्हतं. शहराच्या कडेला, अल अमेरात भागात आम्ही चौघं राहायचो ते घर एका ओमानी अर्बाबचं, म्हणजे खऱ्या घरमालकाचं. मालकांनी ते आपल्या नावावर भाड्याने घेतलेलं आणि त्यातल्या खोल्या आम्हा तिघांना दिलेल्या. घरातल्या गाद्या कंपनीच्या, पंखे अर्बाबचे आणि फ्रिज माझा. फ्रिजचा उल्लेख मुद्दाम करतोय, कारण मालकांच्या इतिहासप्रेमापायी सगळ्यांत जास्त हाल त्या फ्रिजचे झाले. त्याखालोखाल माझे.

मालक कुडाळजवळच्या एका गावातले. मस्कतच्या गाला नावाच्या औद्योगिक वसाहतीत लाकडी पेट्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. मस्कत सोडून जाणाऱ्यांचं घरसामान पेट्यांत भरून बोटीवर चढवायचं, हा त्या वर्कशॉपचा धंदा. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे संसार पेटीत भरले. अशाच एका गोऱ्या इंजिनियरचं सामान बांधताना त्याच्या बायकोने एक जाडजूड पुस्तक कचऱ्यात टाकलं, ते मालकांनी उचललं. त्याला कव्हर नव्हतं, पुढची पंचवीस-तीस पानं नव्हती आणि शेवटचीही बरीच गेलेली होती. उरलेल्या पानांत अमेरिकेत अगदी सुरुवातीला डोंगर ओलांडून जंगलात वसायला गेलेल्या लोकांचा इतिहास होता. मालक दहावी शिकलेले. शब्दकोश शेजारी ठेवून त्यांनी ते पुस्तक चार वर्षांत वाचलं, आणि मग दर वर्षी नव्याने वाचायला लागले.

शेवटची पानं नसल्यामुळे अमेरिकेचं पुढे काय झालं ते मालकांच्या लेखी घडलेलंच नव्हतं. मी एकदा म्हणालो, “मालक, त्या देशाने नंतर चंद्रावर माणूस पाठवला.”

“ते नंतरचं,” मालक म्हणाले. “अजून त्यांनी ओहायो नदी पार केलेली नाय.”

आता माझ्याबद्दल. मी पुण्याचा. गालामध्येच एसीच्या डक्टचं काम करणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. माझं अक्षर, विशेषतः माझे आकडे, फार सुबक. ड्रॉइंग कॉम्प्युटरवर जाऊन जमाना झाला तरी साइटवर हाताने काही लिहायचं असलं की मला बोलावणं यायचं, आणि मी गाण्याच्या बैठकीला बोलावल्यासारखा जायचो. “एक वेळ माझं डिझाइन चुकेल, आकडा चुकायचा नाही,” हे वाक्य मी मस्कतमधल्या बहुतेक ओळखीच्या मराठी लोकांना किमान दोनदा ऐकवलेलं आहे. ते आठवलं की आता कानशिलं तापतात.

मालक ज्याला फ्रंटियर म्हणायचे त्याला मी सुरुवातीला सरहद्द म्हणालो, तर ते वैतागले. “सरहद्द म्हणजे तार नि बंदूक. ही ती नव्हे. ही वेस. शेवटचं घर संपतं ती वेस. आणि ही दर वर्षी पुढे सरकते.”

अमेरात तेव्हा वाढत होतं, अजूनही वाढतंय. डोंगराच्या पायथ्याशी रस्ता संपतो तिथे शेवटचं घर, त्यापुढे खडी आणि चार बाभळी. मालक कायम त्या शेवटच्या घरात राहायचे. वर्ष-दीड वर्षात त्याच्याही पुढे कोणीतरी व्हिला बांधायचा, की मालकांचा चेहरा उतरायचा. पुस्तकातल्या लोकांना शेजाऱ्याच्या धुराड्याचा धूर दिसला की गर्दी झाली असं वाटायचं, आणि ते बाडबिस्तरा उचलून पुढच्या जंगलात निघायचे. अमेरातमध्ये धुराडी नाहीत. त्यावर मालकांनी तोड काढली होती. शेजाऱ्याच्या एसीचा आवाज आपल्या खिडकीत आला की धूर दिसला असं समजायचं.

सहा वर्षांत आम्ही चार घरं बदलली. चारही वेळा फ्रिजचं एक टोक मालकांनी आणि दुसरं मी धरलं. मी दर वेळी ठरवायचो की आता पुरे, किनाऱ्यावरच्या सीबला खोली घ्यायची, बाजार जवळ, मासळी जवळ, माणसांत राहायचं. आणि दर वेळी पुढच्या घरात फ्रिज कुठल्या कोपऱ्यात बसेल हे मीच आधी जाऊन बघून यायचो. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये बायको आणि मुलगी राहतात. वर्षातून एकदा मी तिथे जातो तेव्हा टॉवेल कुठे आहे हे मला विचारावं लागतं. अमेरातमध्ये निदान टॉवेल कुठे आहे ते माहीत होतं.

नव्या घरात गेल्यावर मालकांचं पहिलं काम खुणेचं. पुस्तकात होतं म्हणे, की जंगलात आधी पोचलेला माणूस कुऱ्हाडीने झाडांच्या साली तासून आपलं आद्याक्षर कोरायचा, आणि तेवढ्यावर ही जमीन त्याची असं बाकीचे मानायचे. कधी मानायचे, कधी गोळी घालायचे. मालक सुताराची निळी पेन्सिल घेऊन आपलं अक्षर मोरीच्या दारावर, पार्किंगच्या खांबावर, पाण्याच्या टाकीवर काढायचे. एकदा माझ्या फ्रिजवर काढलं. मी चिडलो तेव्हा म्हणाले, “अरे, खूण म्हणजे मालकी नव्हे. इथे मी होतो, एवढंच.” मी ओलं फडकं आणलं, पण खूण तशीच राहिली. हा माझा मोठेपणा नव्हे. पेन्सिल पक्की होती, निघेना.

वर्कशॉपमध्येही हेच. पुस्तकातल्या लोकांना घाट चढेना म्हणून आजीचं कपाट, आरसा, जातं वाटेतच टाकून पुढे जावं लागायचं. हे मालकांच्या इतकं मनात बसलं होतं की सामान बांधायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते एक प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नसत. एकदा मी तिथे असताना मुंबईला परत चाललेल्या एक बाई आल्या होत्या.

“ताई, घाटात बैल बसले, तर यातलं पहिलं काय टाकाल?”

“अहो, आम्ही फ्लाइटने चाललोय. सामान शिपने.”

“समजा.”

बाई जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “मिस्टरांची ट्रेडमिल.” ट्रेडमिल खरोखरच मस्कतमध्ये राहिली. ती मी घेतली आणि गेली पाच वर्षं तिच्यावर कपडे वाळत घालतोय.

पण मला सगळ्यांत जास्त हसू यायचं ते पुस्तकाच्या शेवटच्या शिल्लक पानाचं. त्यावर घर कसं बांधायचे ते होतं. चार वाटांनी शेजारी जमायचे, ओंडक्यावर ओंडका रचायचे आणि चारही भिंती सलग उभ्या करायचे. दार नाही, खिडकी नाही. भिंती झाल्या की मग करवत घेऊन दार कापायचे. मी ड्राफ्ट्समन माणूस, मला हे सोसेना.

“आधी प्लॅन नको? दार कुठे ते आधी ठरवायला नको?”

“भिंती उभ्या झाल्याशिवाय दार कुठे हवं ते कळत नाय, पुणेकरा.”

मी आठवडाभर ऑफिसात ही गोष्ट सांगून लोकांना हसवलं.

गावी मालकांचं घर नव्हतं. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. एका शुक्रवारी बांगडे साफ करता करता त्यांनी मला ते सांगितलं. वडील गेले तेव्हा मालक मस्कतला होते. साहेबाच्या पाया पडून रजा मिळवली, दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं. मी येतोय, थांबा, असा निरोप धाडला. भाऊ थांबला नाही. मालक पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. पुढे वाटणीत घर भावाला गेलं आणि समोरचं खळं, म्हणजे अंगण, मालकांच्या वाट्याला आलं. “त्या खळ्यात घर बांधीन,” मालक म्हणाले, “पण त्याच्याकडे पाठ करून बांधीन.” बोलताना त्यांचा सुरीवरचा हात थांबला नाही. मी बांगडे ताजे आहेत असं म्हणालो.

आमच्या शेवटच्या घराचा अर्बाब सत्तरीचा होता आणि उत्तम हिंदी बोलायचा. अधूनमधून खजूर घेऊन यायचा. मालकांनी एकदा त्याला सगळा इतिहास ऐकवला, डोंगर, नदी, कुऱ्हाडीची खूण, सगळं. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “और उस जंगल में पहले कौन रहता था?”

“थे लोग,” मालक म्हणाले. “उनका ही था.”

“उनसे पूछा?”

“नहीं पूछा.”

अर्बाबने खजुराची बी काळजीपूर्वक कागदात ठेवली. “यहाँ मेरे दादा की बकरियाँ चरती थीं. तुमने मुझसे पूछा, मैंने दिया. ठीक है.” एवढं बोलून तो गेला.

मालक निळ्या पेन्सिलीला टोक करत बसले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, “पण एक प्रकारे आपणही तसेच, नाही का? घरदार सोडून वसायला आलेले.” खरं तर हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणालो होतो.

“आपण कुठले वसणारे,” मालक म्हणाले. “आपण बैल. गाडी ओढायची, सोडलं की परत.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “पण बैलांचीसुद्धा नावं लिहून ठेवलीत त्यांनी.”

मालकांना साठ पूर्ण झाली आणि कंपनीने कळवलं की व्हिसा पुढे वाढणार नाही. खलास. आम्ही तिघंही हबकलो. आता जाणार कुठे, हे विचारायची कोणाची हिंमत होईना. शेवटी मीच विचारलं, तर मालक मला वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे ताडपत्रीखाली लाकडाची मोठी चवड होती.

“ओहायो नदीवरून ते लोक सपाट तळाच्या होड्यांतून जायचे,” मालक म्हणाले. “आणि पोचले की होडी मोडून तिच्याच फळ्यांचं घर बांधायचे.”

अकरा वर्षं त्यांनी परदेशी यंत्रांच्या पेट्यांमधल्या जाड फळ्या वर्कशॉपच्या शेठला विचारून बाजूला काढल्या होत्या. वाळवी लागू नये म्हणून गॅरेजांतून जळकं ऑइल आणून त्या न्हाऊ घातल्या होत्या. त्या फळ्यांची सोळा पॅनेलं झाली होती, एका भिंतीला चार अशी चार भिंतींची. ती एकमेकांवर रचून, बाहेरच्या पॅनेलांचीच पेटी ठोकून बोटीने पाठवायची. गावी नेऊन नंबरांप्रमाणे उभी केली की घर. नऊ ते बारा ही भावाकडची भिंत, सलग, दार नाही, फटसुद्धा नाही. डोंगराकडच्या भिंतीत पंधरा नंबर, त्या पॅनेलात दार. मी मनातल्या मनात सगळं मोजून पाहिलं, एका इंचाची चूक सापडेना. मला त्यांचा हेवा वाटला, आणि फ्रिज उचलताना त्यांना मनात दिलेल्या शिव्या आठवून लाजही वाटली.

“नंबर तू घाल,” मालक म्हणाले. “तुझे आकडे चांगले.”

कामाला लागलो तेव्हा मालक कार्गोच्या ऑफिसात गेले होते. तेलकट फळ्यांवर माझ्या हातचे सुबक आकडे बसेनात, ब्रश घसरायला लागला. वर्कशॉपमध्ये पत्र्याचे साचे होते, वर स्प्रे मारला की आकडा उमटतो. इंग्रजी आकड्यांचा संच घेतला, तर त्यातला पाच हरवलेला. तिथे अरबी आकड्यांचाही संच होता. त्यातला पाच मी घेतला. अरबी पाच म्हणजे नुसता वाटोळा गोल. ओमानात मोटारींच्या नंबरप्लेटवर दोन्ही आकडे असतात, त्यामुळे इतक्या वर्षांनी माझ्या डोळ्यांना त्यात काही खटकलं नाही. उलट पाचापुरतं केवढं डोकं चालवलं म्हणून मी स्वतःवर खूश झालो, आणि संध्याकाळी मालकांना सांगितलंसुद्धा, “नंबर घातलेत, डोळे मिटून लावा.”

कार्गोवाल्याने मालकांना विचारलं होतं, “पेटी में क्या है?”

“पेटी,” मालक म्हणाले.

मालक गेले. दोनेक महिन्यांनी आमच्या पुढच्या प्लॉटवर नवीन व्हिला उभा राहिला आणि फाटकावर नंबरची पाटी लागली. वर इंग्रजीत पंधरा. खाली अरबीत पंधरा, म्हणजे एक काडी आणि तिच्याशेजारी गोल. मी ऑफिसला निघालो होतो तो तिथेच उभा राहिलो. ओमानात न राहिलेला कोणीही मराठी माणूस ते दहा असंच वाचेल. म्हणजे मी त्या सोळा पॅनेलांत दोन दहा घातले होते आणि पंधरा एकही नव्हता. पाच नंबराचं नुसतं शून्य झालं होतं, पण ते एकच असल्यामुळे त्याचा गोंधळ होणार नव्हता. त्या दोन दहांतला एक दाराचा होता, आणि दहाची जागा भावाकडच्या भिंतीत होती.

त्याच आठवड्यात मालकांचा मेसेज आला. “घर झालं. दार भावाकडे आलं.” बस, एवढाच.

मी अंदाज बांधला की मालक सिमेंट किंवा कौलं आणायला गेले असतील आणि मागे गावच्या सुताराने नंबर वाचून भिंती ठोकल्या असतील. सतरा वर्षं ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्या पडवीसमोर या माणसाचं दार मी उघडून दिलं होतं. आयुष्यात त्यांनी एकच घर बांधलं, आणि तेही मी बिघडवलं. फोन करून माफी मागणं पाच मिनिटांचं काम होतं. मी ते दोन वर्षं केलं नाही. दिवाळीला मी त्यांना पणतीचं चित्र पाठवायचो, ते अंगठा पाठवायचे. ऑफिसात कोणी माझ्या आकड्यांची तारीफ केली की मी विषय बदलायला लागलो.

मागच्या रजेत बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “जाऊन ये, नाहीतर इथे बसून माझं डोकं खाशील.” कुडाळला उतरून रिक्षा केली. वाटेत माफीचं भाषण तयार केलं, त्याचे तीन मुद्दे होते.

घर लांबूनच दिसलं. चिऱ्याच्या जोत्यावर काळपट फळ्यांचं, वर कौलं. आणि भावाच्या पडवीपासून आठ-दहा पावलांवर, बरोब्बर समोर, दार. दाराच्या पॅनेलवर माझा दहा अजून ठसठशीत होता. दोन वर्षं झाली तरी कोणी त्याच्यावर रंग मारला नव्हता. दारात मालक बसले होते, समोर पडवीत त्यांच्यासारखाच दिसणारा, पण जाडसर माणूस बसला होता, आणि फणसाच्या एका फांदीवरून दोघांचं जोरात भांडण चाललं होतं. मला पाहून मालक उठले, “ये, पुणेकरा,” म्हणाले आणि हात धरून मला घराच्या मागे घेऊन गेले. मागे डोंगर होता, आणि जिथे दार असायला हवं होतं तिथे खरा दहा नंबर होता, सलग.

मी भाषणाचा पहिला मुद्दा काढला. मालकांनी हात वर केला.

“सुतार दोन दहा घेऊन उभा होता. म्हणाला, ह्यातलो खंयचो खंय? भाऊ पडवीतून बघत होता. मी म्हटलं, हा उचल आणि नंबराप्रमाणे लाव.”

“म्हणजे तुम्ही तिथे होतात?”

“होतो तर.”

“मग तो दहा नव्हता, पंधरा होता. अरबी...”

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं ते ट्रेडमिलवाल्या गिऱ्हाइकांकडे पाहायचे. आवाज खाली आणला. “बावीस वर्षां गालात काढलंय. माका काय पाच ओळखूक येना नाय?”

मी तिथेच जोत्यावर बसलो.

“दोन भिंती उभ्या झाल्या होत्या,” मालक म्हणाले. “तो समोर एकटाच बसलेला. म्हातारा झालाय रे. पण सतरा वर्षांनी आपणहून दार त्याच्याकडे कसं करू? मग तुझा दहा दिसला. दार लागल्यावर त्याला ओरडून सांगितलं, काय करणार, मस्कतच्या दोस्ताने आकडे चुकवले, आता आलं दार इकडे. तर तो हसला. म्हणाला, असलो कसलो दोस्त तुझो. तिथून बोलणं सुरू झालं. वडिलांचंही सांगितलं एकदा. पाऊस होता, नदीला पाणी चढत होतं, गाववाले थांबेनात. तो एकटा काय करणार.” मालकांनी कोपऱ्यावरून पडवीकडे डोकावून पाहिलं. “पंधरा होता हे त्याला सांगू नको. त्याला वाटतं दार चुकून आलं. तसंच राहू दे.”

मला रडू आलं, ते मी शिंक आल्यासारखं दाखवलं. मालकांनी ते चालवून घेतलं.

पुढे आलो. भावाच्या बायकोने पडवीत चहा ठेवला होता. भावाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“ह्येच ते आकडेवाले?”

“ह्येच,” मालक म्हणाले.

“पुण्याचे ना तुम्ही? आमका वाटला होता, पुण्याक शाळा बऱ्यो आसतत.”

फणसाखाली थांबलेले दोन शेजारीही हसले. या गावात माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती हे तेव्हा कळलं. मालक मान खाली घालून कपातली साय बोटाने काढत होते, पण त्यांचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं. मी समोरच्या दाराकडे पाहिलं, त्यावरच्या माझ्या दहाकडे पाहिलं आणि चहाचा कप उचलला.

“लहानपणापासूनच कच्चे आहेत हो माझे आकडे,” मी म्हणालो.